किती जीबीचा माणूस

परदेशी जायचं ठरलं की व्हिसाचा अर्ज तुमचं उत्पन्न विचारतो आणि विमेवाले तुमची शुगर विचारतात. दोघांनाही बेधडक उत्तरं देणारा माणूस प्रवासाचं इ-सिम घेताना मात्र अडखळतो. तिथे प्रश्न असतो, डेटा किती लागेल? तीन जीबी, पाच, दहा, वीस की अमर्याद? म्हणजे थोडक्यात, तिकडे जाऊन तुम्ही नेमकं काय करणार आहात ते आधीच कबूल करा.

तोंडी उत्तर सगळ्यांचं एकच असतं. ‘आपल्याला काय, मॅपपुरता हवा. आणि थोडं व्हॉट्सॲप.’ पण फोनच्या सेटिंगमध्ये कोणत्या ॲपने किती डेटा खाल्ला याचा चोख हिशेब असतो, आणि तो आपली बाजू घेत नाही. माझा हिशेब बायकोने मोठ्याने वाचून दाखवला. मॅप यादीत पार तळाला होता. वर कोण होतं ते सांगण्यात अर्थ नाही. कसबी सुतार लाकडाचे सांधे जुळवताना पाहायला मला आवडतात, एवढंच म्हणतो. तिचा हिशेब पाहायचा राहिला, कारण तिचा फोन तेव्हा नेमका चार्जिंगला होता.

शिवाय आपण झोपल्यावरही फोन जागा असतो. दिवसभरात काढलेले धबधब्याचे व्हिडिओ तो गुपचूप वर ढगात चढवत बसतो. हे काम फक्त वाय-फायवर कर, असं त्याला निघण्याआधीच बजावलं नाही, तर पाच जीबी दोन धबधब्यांत वाहून जातात. ‘मग अमर्यादच घ्या ना मामा,’ असं भाचा म्हणाला. पण अमर्याद म्हणजे बऱ्याचदा लग्नातली पंगत. रोजचा ठरलेला वाटा संपला की वेग असा उतरतो, की वाढपी समोरून जाताना दिसतो पण आपल्या पानापाशी थांबत नाही. हे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आणि आमच्या वयाला बारीक अक्षर नेमकं दिसत नाही.

त्यातून आम्ही निघालो होतो युरोपला. आपल्याकडच्या माणसाचा युरोप म्हणजे स्वित्झर्लंड आणि वाटेत लागणारे इतर देश. पण युरोपीय संघाने १५ जून २०१७ पासून आपापसातलं रोमिंगचं वाढीव बिल बंद केलं, तेव्हा स्वित्झर्लंड त्या संघात नव्हता, आजही नाही. त्यामुळे ‘युरोप’ नावाच्या काही स्वस्त पॅकमध्ये नेमका तोच गळालेला असतो. शेजारचा चिमुकला लिक्टेनस्टाइन मात्र त्या नियमात बसतो. स्वित्झर्लंडमधल्या टिटलिस शिखराच्या बर्फात, ३,००० मीटरहून उंच, शाहरुख आणि काजोलच्या कटआउटशेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि तो घरी पाठवायला लिक्टेनस्टाइनच्या वाडुझपर्यंत थांबायचं, हे कोणत्या मराठी कुटुंबाला परवडेल? पॅकच्या नावावर जाऊ नये, खालची देशांची यादी बोट फिरवत वाचावी.

१९९१ साली म्यूनिकच्या गीझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने पहिली सिम कार्डं बनवली, तेव्हा सिम बँकेच्या कार्डाएवढं होतं. ते झिजत झिजत नखाएवढं झालं आणि आता फोनमध्ये आधीपासूनच बसवलेल्या चिपमध्ये विरघळलं. ही चिप तुमच्या फोनमध्ये आहे का, हे *#०६# फिरवून कळतं. ईआयडी म्हणून बत्तीस आकडी नंबर आला तर आहे. खरेदी केल्यावर क्यूआर कोड ईमेलवर येतो, म्हणजे त्याच फोनवर, ज्याच्या कॅमेऱ्याने तो स्कॅन करायचा असतो. फोनने स्वतःकडेच कसं बघावं? नव्या फोनमध्ये चित्रावर बोट दाबून धरलं की भागतं. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी कोडची रंगीत प्रिंट काढून वर लॅमिनेशन करून घेतलं. असा कोड बहुधा एकदाच चालतो, हे त्यांना नंतर कळलं. लॅमिनेशन मात्र वर्षानुवर्षं टिकेल.

सिम घरच्या वाय-फायवरच बसवावं आणि चालू उतरल्यावर करावं, हे बरं. फक्त दिवस कधीपासून मोजतात ते बघावं. काही पॅकचं घड्याळ सिम बसवल्याक्षणी सुरू होतं, काहींचं तिकडचं नेटवर्क पकडल्यावर.

खरा धीर लागतो तो पुढे. ‘परदेशात रोमिंग बंद!’ हा मंत्र आमच्या पिढीने अंगारा लावल्यासारखा जपलाय. कुणाला तरी लाखाचं बिल आल्याची गोष्ट प्रत्येक घरात आहे, फक्त तो ‘कुणीतरी’ कधी भेटत नाही. आणि इथे सांगतात, नव्या सिमचं डेटा रोमिंग चालू करा! कारण ते सिम स्वतःच तिथे पाहुणं असतं. कंपनी तिसऱ्याच देशातली, नेटवर्क चौथ्याचं. बायकोने ते बटण दाबताना डोळे मिटले होते. आपल्या भारतीय सिमचं डेटा रोमिंग मात्र बंदच ठेवायचं, आणि एका सिमची रेंज गेली की दुसऱ्याचा डेटा आपोआप वापरण्याची फोनची जी परोपकारी सोय असते, तीही बंद करायची.

या नव्या सिमला बहुधा नंबरच नसतो. नुसता डेटा. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालतं, पण बँकेचा ओटीपी यायला भारतीय सिम जिवंत लागतं. निघण्याआधी त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा चालू आहे ना, ते विचारून घ्यावं. येणाऱ्या एसएमएसला बहुतेकदा पैसे पडत नाहीत, उचललेल्या फोनला पडतात. आणि कर्ज हवंय का, असं भारतातून सकाळी दहाला विचारणारी मुलगी उन्हाळ्यात तिकडे साडेसहाला वाजते.

शेवटच्या दिवशी झुरिकच्या विमानतळावर बायकोने फोन तपासला, तर बराच डेटा शिल्लक. तो घरी नेता येत नाही, परत करता येत नाही. विमानतळाच्या फुकट वाय-फायला तिने हात लावला नाही. भरलेले पैसे वसूल व्हायलाच हवेत. तिने भर सकाळी सांगलीच्या मावशीला व्हिडिओ कॉल लावला आणि बॅगांचा काटा, चॉकलेटची दुकानं, रांगेतला मी, असं सगळं दाखवलं.

‘अगं ठेव आता, बिल येईल केवढं!’ मावशी घाबरून म्हणाली.

‘नाही गं मावशी, चार जीबी उरलेत अजून.’

‘हो का? मग थांब, ह्यांना उठवते. जेवून आत्ताच पडलेत.’