अशोक कुमार हाजीर हो!

कॉपीराइटच्या रक्षणासाठी कोर्टाच्या हुकमाने वेबसाइट बंद करण्याच्या पद्धतीत तीन पक्ष असतात. वादी म्हणजे चित्रपट कंपनी; ती वकिलासह हजर असते. प्रतिवादी म्हणजे चोरटी साइट चालवणारा. त्याचे नाव-गाव ठाऊक नसेल तर भारतीय कोर्ट त्याला ‘अशोक कुमार’ म्हणते. परदेशात हाच इसम जॉन डो या नावाने वावरतो. तिसरा पक्ष इंटरनेट कंपन्यांचा. त्यांनी काही केलेले नसते, पण बटण त्यांच्या हातात असते. फोनवर ती साइट उघडू पाहणारा चौथा माणूस दाव्यात कुठेच नसतो. हुकमाची अंमलबजावणी मात्र त्याच्याच फोनवर होते.

तेलंगणातले बेज्जूर हे या चौथ्या माणसाचे गाव. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात आणि २०१६ पासून कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात असलेल्या बेज्जूर मंडलाच्या कडेने प्राणहिता वाहते, पलीकडे गडचिरोली. अलीकडचे सिम एका दूरसंचार परिमंडळाचे, पलीकडचे दुसऱ्या. बेज्जूरचे उच्च न्यायालय हैदराबादेत, गडचिरोलीचे खंडपीठ नागपुरात. बंदीचे गाजलेले हुकूम निघाले ते चेन्नई, मुंबई आणि दिल्लीहून, आणि ते नदीच्या दोन्ही काठांवर सारखेच लागू झाले. सीमाभागात इतक्या समानतेने पोचणारी दुसरी सरकारी सोय सापडणे कठीण.

अशोक कुमारची कारकीर्द २००२ साली सुरू झाली. त्या वर्षीच्या फुटबॉल विश्वचषकाचे प्रक्षेपण फुकट दाखवणाऱ्या केबलवाल्यांविरुद्ध ताज टेलिव्हिजनने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. केबलवाले अनेक आणि निनावी, म्हणून कोर्टाने अनोळखी माणसांविरुद्धही मनाई दिली. तेव्हा निदान छापा घालायला एक खोली आणि एक डिश अँटेना तरी होता.

२०११ मध्ये ‘सिंघम’ प्रदर्शित होण्याआधी रिलायन्सने दिल्लीतून असाच हुकूम मिळवला. पडद्यावर बाजीराव सिंघम गुन्हेगाराचा पत्ता शोधून त्याच्या दारात जातो. इंटरनेट कंपन्यांनी सोपा मार्ग धरला: फाइल ठेवण्या-पाठवण्याच्या साइटच अख्ख्या बंद केल्या. त्यात ‘सिंघम’ असणाऱ्या फाइली किती आणि लग्नाचे फोटो किती, हे मोजण्याचे काम कुणाकडेच नव्हते.

पुढच्याच वर्षी तमिळ ‘३’ आणि तेलुगू ‘दम्मू’ यांच्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाचा हुकूम निघाला. मे २०१२ मध्ये चोरट्या साइटबरोबर व्हिमिओ आणि डेलीमोशनही गायब झाल्या. संन्याशाला फाशी होत असल्याची ओरड झाल्यावर जूनमध्ये कोर्टाने खुलासा केला की बंदी नेमक्या पानांपुरती आहे, अख्ख्या साइटवर नाही. खुलासा वाचायला इंटरनेट लागते, ही अडचण तेवढी राहिली.

२०१६ साली मुंबई उच्च न्यायालयात ‘ग्रेट ग्रँड मस्ती’ आणि ‘ढिशूम’चे निर्माते आले, तेव्हा न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एक अवघड प्रश्न विचारला: दिलेल्या यादीतली पाने कुणी तपासली आहेत काय? अख्खी साइट बंद करायला त्यांनी नकार दिला आणि बंदी का, कोणत्या हुकमाने, हे वाचणाऱ्याला कळेल असा संदेश पानावर लावायला सांगितले. संदेश लागला. त्यात असा इशारा होता की पान नुसते पाहिले तरी तीन वर्षे कैद आणि तीन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये दंडाची कमाल मर्यादा दोन लाख आहे आणि नुसत्या पाहण्याचा उल्लेखही नाही. नुसते पाहणे गुन्हा नव्हे, हे कोर्टाला ऑगस्टच्या अखेरीस वेगळे स्पष्ट करावे लागले.

या लागवडीचे भरघोस पीक २०१७ च्या ऑगस्टमध्ये आले. ‘जब हॅरी मेट सेजल’ आणि ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ यांच्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने अडीच हजारांहून जास्त साइटवर बंदी घातली. यादीत इंटरनेट अर्काइव्ह होते. या साइटवर जुनी, स्वामित्वहक्क संपलेली मराठी पुस्तके हजारोंनी फुकट वाचायला मिळतात. बेज्जूरच्या मराठी वाचकाला जुने मराठी पुस्तक हवे असेल तर एक वाट कागजनगरहून रेल्वेने चंद्रपूर-नागपूरची, आणि दुसरी फोनवरची. दुसऱ्या वाटेवर शाहरुख खान आडवा आला.

अशा वेळी पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटत असे: दूरसंचार विभागाच्या निर्देशानुसार हा पत्ता बंद केला आहे, अधिक माहितीसाठी प्रशासकाशी संपर्क साधा. कोणता प्रशासक, कुठे बसतो, किती वाजता, हे लिहिलेले नसे. मंडल कार्यालयात उत्पन्नाचा दाखला मिळतो, जातीचा मिळतो. बंद साइटचा मिळत नाही.

बंदीची एक कृती साधी आहे. इंटरनेट कंपनीजवळ साइटच्या नावांची पत्तावही असते, तिला डीएनएस म्हणतात. त्यातून नाव खोडले की साइट सापडत नाही. फोनच्या सेटिंगमध्ये दुसऱ्या कुणाची पत्तावही निवडली की अनेकदा पुन्हा सापडते. हे काम दहावीतला मुलगा मधल्या सुट्टीत करतो. त्यामुळे नवा सिनेमा फुकट पाहण्याचा निर्धार केलेला माणूस पार होतो, आणि जुने पुस्तक उघडायला गेलेले निवृत्त गुरुजी दंडाचा इशारा वाचून फोन उलटा ठेवतात.

चोरी खोटी नाही. ‘सैराट’ २०१६ मध्ये थिएटरात गर्दी खेचत असतानाच फोनाफोनांवर फिरत होता, आणि लहान निर्मात्याचे अशा गळतीने दिवाळे निघू शकते. म्हणून यादी लांबत गेली. २०१८ मध्ये रजनीकांतच्या ‘२.०’साठी ती बारा हजारांवर गेली. साइट नाव बदलून परत येते, म्हणून एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘डायनॅमिक’ मनाई दिली: नव्या नावासाठी नवा दावा नको, सहनिबंधकाकडे प्रतिज्ञापत्र दिले की पुरे. कोणती साइट पक्की चोरटी समजायची, याच्या कसोट्या त्या निकालात आहेत आणि त्या शहाण्या आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच कोर्टाने ‘डायनॅमिक प्लस’ मनाई दिली. तिच्यात अजून तयार न झालेल्या चित्रपटांनाही संरक्षण आहे. चित्रपट लिहून व्हायचा आहे, पण त्याची चोरी थांबवण्यात आली आहे.

हा उद्योग केवळ देशी नाही. इटलीत तक्रारीनंतर अर्ध्या तासात साइट बंद करणारी यंत्रणा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने गूगल ड्राइव्हलाच चोर ठरवले. स्पेनमध्ये फुटबॉलच्या सामन्यांच्या वेळी एकाच पत्त्यावर बिऱ्हाड केलेल्या निरपराध साइटही बंद पडतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबाद पोलिसांनी आयबोम्मा या तेलुगू चित्रपटांच्या चोरट्या साइटमागचा म्हणून एक माणूस पकडला. अशोक कुमारला खरे नाव असू शकते, आणि ते शोधता येते, हे त्यातून दिसले. शोधायला महिने लागतात. यादीला एक प्रतिज्ञापत्र पुरते.

राहता राहिला चुकून बंद झालेली साइट उघडण्याचा विधी. कॉपीराइट नियम २०१३ मध्ये कोर्टाबाहेरच्या तक्रारीसाठी तो आहे: तक्रारदाराने एकवीस दिवसांत कोर्टाचा हुकूम आणला नाही, तर काढलेला मजकूर परत लावता येतो. कोर्टाच्या बंदीला अशी आपोआप संपणारी मुदत नाही. साइटच्या मालकाने त्या-त्या उच्च न्यायालयात वकील उभा करावा आणि आपण अशोक कुमार नसल्याचे पटवावे. वाचकासाठी तर नियमात काहीच सांगितलेले नाही, कारण तो पक्षकार नाही.