जड पाण्याचे पाहुणे

कुणी कोणता मासा पाळावा याला शास्त्र नाही, पण पाळलेल्या माशावरून मालक बरोबर ओळखता येतो. दवाखान्याच्या बाकांसमोर गोल्डफिश असतात. त्यांच्या तोंडावर कायम केसपेपर हरवल्याचा भाव. चालत्या दुकानात गल्ल्यामागे कपाळावर भलंमोठं टेंगूळ मिरवणारा फ्लॉवरहॉर्न एकटाच फिरत असतो आणि त्या टेंगळाच्या वाढीवरून शेठजी धंद्याची वाढ मापतात. घरात शांतता नांदते असं पाहुण्यांना दाखवायचं असेल ते एंजल आणतात. आणि ज्यांना रंग तर समुद्रातल्या माशांचे हवे असतात, पण समुद्राचा खर्च झेपत नाही, ते हिंडत हिंडत शेवटी आफ्रिकन सिक्लिडच्या काचेपुढे येऊन थांबतात. मी या शेवटच्या पंगतीतला. वय झालं की माणूस झाडांकडे वळतो म्हणतात. मला अंगण नसल्यामुळे मी पाण्याकडे वळलो.

टाकी ठरली ती मध्यम, तीन फुटी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १९० लिटर पाणी, म्हणजे काचेचं वजन धरून दोन क्विंटलांच्या वर. कापसाच्या मुलखात वजन क्विंटलात सांगितल्याशिवाय ते घरच्यांच्या मनावर बसत नाही. अमरावतीच्या ज्या दुकानात मी गेलो, तिथल्या पोरसवदा मालकाने बजेट विचारलं नाही, आवड विचारली नाही. त्याने विचारलं, ‘‘पानी कोनतं हाय भाऊ? नळाचं का बोअरचं?’’ बोअरचं, असं मी खाली मान घालूनच सांगितलं. आमच्याकडे बोअरचं पाणी ही कौतुकाने सांगायची गोष्ट नाही. त्यात साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि गिझरच्या कॉइलवर पांढरं पुट चढतं. पण पोराचा चेहरा उजळला. ‘‘मंग हेच न्या. याईले तेच लागते.’’ स्थळाकडच्यांनी मुलाचा पगार सोडून त्याच्या सर्दीचं कौतुक करावं, तसं मला झालं.

खरं होतं ते. एंजल, डिस्कस, निऑन हे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले. पानं कुजून मऊ झालेल्या, किंचित आंबट पाण्यातले. त्यांचं मन वऱ्हाडात रमवायचं तर फिल्टरचं पाणी विकत घ्यावं लागतं. पण पूर्व आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचं पाणी क्षारयुक्त, सामू साडेसातच्या पुढे आणि साडेआठच्या आसपास. शेजारच्या टांगानिकाचा तर नवाला टेकलेला. आमच्या बोअरचा हिशेब याच्या जवळपास जातो. कमी पडलाच तर काळ्या मातीत सापडणारे चुनखडीचे खडे आहेतच. लिंबू पिळलं की त्यांच्यावर बारीक बुडबुडे येतात आणि पाण्यात टाकले की ते सामू घसरू देत नाहीत. अर्थात क्षारांच्या प्रेमालाही मर्यादा आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यातलं पाणी या माशांनाही सोसायचं नाही. ते पिकाला सोसत नाही, माणसाच्या मूत्रपिंडांनाही नाही. लोणारच्या सरोवराने तर सामू दहाच्या वर नेऊन ठेवलाय, तिथे मासाच नाही. मात्र केनियातल्या मागाडी सरोवरात तेवढ्याच जहाल आणि वर कढत पाण्यात राहणारा एक चिमुकला सिक्लिड आहे. त्याला अकोल्याचा मे महिना दाखवला, तर तो बहुधा शाल मागेल.

पाणी जुळलं, तरी निवड उरतेच. मलावीत सिक्लिडच्या शेकडो जाती आहेत आणि बहुतेक तिथल्याशिवाय जगात कुठेही नाहीत. त्यातले काठच्या खडकांत राहणारे ते ‘म्बुना’. दुकानात मात्र सगळ्यांची एकच ओळख: ‘मिक्स सिक्लिड’. निळे, पिवळे, नारिंगी, ठिपक्यांचे असे एकाच टाकीत उधळलेले. चेन्नईच्या कोलथूरकडे किंवा कोलकात्याकडे जन्मलेले, रबर लावलेल्या पिशवीतून आलेले. कुणाचं कूळ कोणतं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये. मला तीन फुटांत मावतील असे बोटभर लांबीचे, नावगाव असलेले हवे होते. ‘येल्लो लॅब’ हा सगळ्यात सज्जन: नखशिखांत पिवळा आणि पाठीच्या परावर काळी रेघ, जणू शाळेतल्या आदर्श विद्यार्थ्याने स्वतःलाच समास पाडून घेतलाय. ‘डेमासोनी’ म्हणजे मध्यरात्रीच्या आकाशाला कुणी काळे-निळे पट्टे आखून दिलेले. लांबी जेमतेम तीन इंच, राग तीन फुटांचा. टांगानिकाचा ‘मल्टी’ तर त्याहून लहान, दोन इंचांच्या आतबाहेर. तो गोगलगायीच्या रिकाम्या शंखात बिऱ्हाड थाटतो आणि दिवसभर तोंडाने वाळू उचलून दारापुढून शेजाऱ्याच्या दारात टाकतो. हा मासा अमरावतीच्या कुठल्याही गल्लीत खपून जाईल.

बहुतेक म्बुनांचा मुख्य आहार खडकावरचं शेवाळ. म्हणजे एवढा संताप, तोही बहुतांशी शाकाहारावर. त्यांना ब्लडवर्मसारखं मांसल खाणं वारंवार दिलं की पोट फुगून मरतात. उकडलेल्या पालकाचं पान मात्र धसमुसळेपणाने फाडून खातात. त्यांचं भांडण मिटवायची तऱ्हाही उलटी. चार ठेवले, तर एक राजा होतो आणि उरलेल्यांतला दुबळा कोपऱ्यात झिजत मरतो. डझनभर ठेवले, तर राजाला एकाचा पाठलाग पुरा करता येत नाही, मधूनच दुसरा आडवा जातो. गर्दीत राग वाटला जातो. फिल्टर मोठा लागतो आणि दगडांची रासही तशीच, की नजरेआड व्हायला जागा असावी. दगडांची मला ददात नव्हती; आमच्या धुऱ्यावरचा काळा बसाल्ट हजारो वर्षं अशाच कामाची वाट पाहत पडला होता.

संध्याकाळी त्या रिकाम्या दगडांपुढे बसलं की मन भलतीकडे जातं. आफ्रिका धुंडाळणारा डेव्हिड लिव्हिंगस्टन १८५९ मध्ये मलावी सरोवराशी पोहोचला. त्या भागात कापूस पिकवावा, म्हणजे गुलामांचा व्यापार मोडेल, असं त्याच्या मनात होतं. सरोवरात चालवायला त्याने ‘लेडी न्यासा’ नावाची आगबोट बांधून आणली; पण वाटेतले धबधबे आडवे आले, मोहीम परत बोलावली गेली, आणि १८६४ मध्ये तीच बोट स्वतः हाकत त्याने हिंदी महासागर ओलांडला आणि मुंबई गाठली. तिकडे कापूस पिकवायला निघालेला माणूस उतरला तो कापसाने वेड्या झालेल्या शहरात: अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू, वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव, शेअरबाजार ओसंडलेला. बोट तिथेच विकली गेली, आलेला पैसा बँकेत ठेवला आणि १८६५ नंतरच्या पडझडीत ती बँक बुडाली. म्हणजे मलावीचं आणि आमचं देणंघेणं जुनं आहे. एक बोट तिथून इथे येऊन बुडीत खात्यात गेली. मासे आले तर निदान पोहतील तरी, असा हिशेब मी मांडला.

शेवटी निवडला तो ‘साउलोसी’. मलावीतल्या चिझुमुलू बेटाजवळच्या एकाच खडकाळ टापूत हा सापडतो. लहानपणी सगळे पिवळे, माद्या जन्मभर पिवळ्या. नरांपैकी ज्याला सत्ता मिळते तो निळा होतो, अंगावर काळे पट्टे उमटतात. ज्याला मिळत नाही तो बिचारा फिका पिवळाच राहून सभ्य नागरिक असल्याचं भासवतो. वरचा निळा गेला, की दुसऱ्या कुणाच्या तरी पिवळेपणाला हळूहळू निळसर कड येऊ लागते. निवडणुकीनंतर आठवड्याभरात खादीला येणारा ताठरपणा मी पाहिलेला आहे, पण तो असा कातडीतून उमलताना पाहणं वेगळं. पिल्लं घेताना कुठलं निळं होणार, हे दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘ते त्याईलेच माहीत नसते भाऊ.’’

निळ्याच्या थाटात आपण अडकतो, आणि खरी गोष्ट एखाद्या पिवळीच्या गळ्याखाली चाललेली असते. तिने अंडी तोंडात धरलेली असतात. गळा फुगलेला, ओठ घट्ट मिटलेले, आणि समोर पालक आला तरी ती नुसती पाहते. पिल्लं पोहण्याजोगी होईपर्यंत साधारण तीन आठवडे हे असंच. आईला मी हे सगळं समजावून सांगायच्या आधीच तिने एका दुपारी काचेला डोळा लावून निकाल दिला होता: ‘‘उपास असन तिचा. तिले छेडू नका.’’ तेव्हापासून ती त्या काचेजवळून जाताना चपला वाजवत नाही, आणि निळा फार अंगावर जायला लागला की त्याला उद्देशून वऱ्हाडीतलं असं काही बोलते, जे मलावीत कुणी त्याला ऐकवलं नसावं.

साउलोसीचा तो मूळ टापू आता जवळजवळ रिता झालाय. रोग नाही, दुष्काळ नाही. आमच्यासारख्यांना रंग आवडला म्हणून लोकांनी पकडून नेले. हे कळल्यावर काचेपुढे बसायचा रुबाब जरा उतरतो. माझ्याकडचे पाळीव पिढ्यांतले, त्यांनी ते सरोवर पाहिलेलं नाही. तरी पिल्लं झाली की ती फुकट जाऊ द्यायची नाहीत आणि दुसऱ्या जातीत मिसळू द्यायची नाहीत, एवढं आपल्या हातात असतं. म्हणून मी अकोल्याच्या मामेभावाला फोन केला. दादाची टाकी माझ्याहून मोठी. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, म्हणून तो कूलरचं तोंड माशांकडे करतो आणि घरचे घाम पुसत बसतात. म्हटलं, ‘‘दादा, पिल्लं घेऊन येतो. सोबत कॅनभर पाणीही आणतो, सवयीचं असलेलं बरं.’’

‘‘पिल्लं आन,’’ दादा म्हणाला, ‘‘पिशवीतलं पानी पुरे हाय. बाकीचं अमरावतीलेच राहू दे. याईच्या कामाचं पानी अकोल्यात लय हाय, अन् ते प्याले दुसरं कोनी तयार नाही.’’