उदराची वतनदारी

मनुष्याचे बाकीचे अवयव जन्मतः प्राप्त होतात आणि आहे त्यावर समाधान मानून मुकाट्याने चाकरी बजावतात. पण चाळिशीच्या सुमारास, कोणाचीही रीतसर परवानगी न घेता, कमरपट्ट्याच्या सरहद्दीवर जे नवे ठाणे बसते, त्याचा थाट मात्र पहिल्या दिवसापासून पिढीजात वतनदाराचा असतो. या वतनदारास आपल्या समाजाने सनदही मोठ्या उदार अंतःकरणाने बहाल केलेली आहे. जावयाचे पोट लग्नानंतर वर्षभरातच सदऱ्याच्या गुंड्यांशी तंटा करू लागले, की सासूबाई कृतार्थ होतात. शेजारी 'खात्यापित्या घरचे दिसता आता' असे प्रशस्तिपत्र देतात. आणि विद्येची देवता स्वतःच लंबोदर असल्याचा दाखला तर प्रत्येक तुंदिलतनू गृहस्थ बचावासाठी जवळ बाळगूनच असतो. देवाच्या अंगी उदराखेरीज बुद्धीही आहे, या तपशिलाकडे मात्र भक्तांनी सोयीस्कर काणाडोळा केला आहे.

माझ्या उदराच्या विस्ताराविषयी घरात तक्रार निघाली, की मी विजारीचे माप पुढे करीत असे. महाविद्यालय सोडल्यापासून ते एका इंचानेही वाढलेले नाही, हा माझा पुरावा मला बिनतोड वाटे. पोट पुढे सरकत गेले तसतशी विजार अदबीने खाली उतरत गेली आणि पोटाचा मुलूख तिने केव्हाच सोडून दिला, ही गोष्ट आमचे डॉक्टर फीत घेऊन उभे राहीपर्यंत कोणी दप्तरी दाखल केली नव्हती. शेवटची फासळी आणि कटीच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, फीत धरायची असते. भारतीय पुरुषाने 90 सेंटिमीटरच्या आणि स्त्रीने 80 सेंटिमीटरच्या आत राहावे, असा दंडक आहे. मी छाती फुगवून उभा राहिलो, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "सोडा श्वास. मी थांबतो." अखेर कोणालाही श्वास सोडावाच लागतो, मी सोडला आणि दंडकाचा भंग फितीवर नमूद झाला.

यात एक विलक्षण अन्याय असा, की जे पोट लोकांना दिसते, चिमटीत येते आणि विनोदास विषय पुरवते, ती त्वचेखालची चरबी त्यातल्या त्यात निरुपद्रवी असते. खरा उपद्रव करते ती आतड्यांभोवती आणि यकृताच्या आसपास दडी मारून बसलेली चरबी. 1947 साली मार्सेयच्या ज्याँ व्हाग या वैद्याने, मेद किती यापेक्षा तो कोठे साठला आहे याला महत्त्व आहे, असे मांडले. ही आतली चरबी आपला मेदाम्लांचा ऐवज थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत रवाना करते. दाह वाढवणारी द्रव्ये सोडते. मग इन्शुलिनचे हुकूम शरीर जुमानीनासे होते, साखर चढते, रक्तदाब चढतो आणि प्रकरण अखेरीस हृदयाच्या दरबारी जाते.

सडपातळ वाचकांनी इतक्यात मिशीवर ताव देऊ नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी एकसारखा, 22.3, पण अंगातील चरबी मोजली तेव्हा लंडनकरांची निघाली 9.1 टक्के आणि पुणेकरांची 21.2! याज्ञिकांच्याच अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालके सरासरी 2.7 किलोंची भरली, तर इंग्लंडातील साउदम्प्टनची 3.5 किलोंची; पण आमच्या बालकांच्या पाठीवरील चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे वतनाचे कागदपत्र काही अंशी गर्भातच तयार होतात आणि पुढे सासूबाईंना केवळ शिक्का मारावा लागतो.

उपायांच्या बाबतीत मी प्रथम पूर्वजांकडे धाव घेतली. चरकसंहितेने अतिस्थूलास आठ निंदितांच्या यादीत बसवले आहे. स्थौल्याच्या कारणांत दिवसा झोपणे, नित्य आनंदात असणे आणि कसलीच चिंता न करणे ही मोजली असून, उपायांत व्यायामाबरोबर जागरण आणि चिंतन सांगितले आहे. आधुनिक डॉक्टर मात्र अपुऱ्या झोपेने पोट वाढते असे बजावतात. दोन्ही शास्त्रांचा मान राखण्यासाठी मी चिंता करीत झोपू लागलो.

त्यानंतर मी जमिनीवर उताणा पडून उठण्याबसण्याचा व्यायाम आरंभिला. त्याने पोटाचे स्नायू बळकट होतात, पण त्यांवरची चरबी आपल्या जागेवरून हलत नाही. शरीर आपल्या मर्जीने सगळीकडून थोडी थोडी वसुली करते, आपण नेमून दिलेल्या ठिकाणाहून नव्हे. तरीही एक दिलासा आहे: आतली चरबी त्यातल्या त्यात लवकर शरण येते, आणि वजन शंभरात पाच ते दहा हिश्शांनी उतरले तरी साखर-रक्तदाबाचा जाच पुष्कळ कमी होतो. त्यासाठी आठवड्यात निदान 150 मिनिटे दम लागेल असे चालणे, दोन दिवस स्नायूंना ओझे देणे, साखर व मद्य आवरणे, ताटात भाताची जागा डाळी-उसळी आणि भाज्यांना देणे, यांपलीकडे गुप्त विद्या नाही. पर्वती चढून आल्याबद्दल स्वतःस बटाटेवड्यांचे इनाम देणे, किंवा एकादशीस साबुदाण्याची खिचडी पुन्हा पुन्हा घेऊन पुण्य व पोट एकाच खात्यावर जमा करणे, हे या योजनेत बसत नाही.

पण खरी कसोटी ना व्यायामाची ना जिभेची. ती लोकलज्जेची आहे. पोट वाढत होते तोवर कोणी चौकशी केली नाही, ते कमी होऊ लागताच कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा आवाज खाली आणून विचारतो, "काय हो, सगळं ठीक ना? शुगर वगैरे निघाली का?" नात्यातल्या एका काकू तर लाडवांचा डबा घेऊन समाचारास आल्या. भुकेवर मात करणारे पुष्कळ निघतील. पण या सहानुभूतीस तोंड देऊन जो डबा साभार परत करू शकेल, त्याच्याच कमरेचा घेर उतरेल. काकूंचा डबा मी रिकामा करूनच परत धाडला, कारण भरलेला डबा परत करणे आमच्याकडे अपमानास्पद समजतात.