काढता येतं!

अण्णांनी मेजरटेपचं टोक तुमच्या हातात दिलं की दुपार गेली म्हणून समजा. तुमच्याही चाळीत असे एक अण्णा असणारच. परळच्या रेल्वे वर्कशॉपातून निवृत्त झालेला फिटर, कानावर पेन्सिल, आणि जगातली प्रत्येक वस्तू काढता-घालता आलीच पाहिजे असं ठाम मत. आमच्या अण्णांचं जेवणाचं टेबल भिंतीला मिटतं, खाटेच्या पोटात पाट जातात, पोटमाळ्याची शिडी दुपारी कपड्यांची दांडी होते. देव्हाऱ्यालासुद्धा बिजागऱ्या आहेत. पाहुणा नुसतं ‘छान’ म्हणायचा अवकाश, ‘काढता येतं!’ म्हणत अण्णा काढून दाखवतात. परत जोडल्यावर एक बोल्ट उरतो. तो कुठला, हे पुढच्या पाहुण्याच्या अंगावर काहीतरी पडलं की कळतं.

पुतण्याने ‘छोटा हत्ती’ टेम्पो घेतला आणि मागची ती साधारण सात फूट बाय पावणेपाच फूट मोकळी जागा बघून अण्णांना भरून आलं. अमेरिकेत म्हणे लोक गाडीच्या पाठीवर खोली चढवतात आणि फिरून आले की उतरवून अंगणात ठेवतात. अण्णांना त्यात कौतुक वाटेना. आमच्या याच नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांत ते नऊ माणसांत वाढले. अडचणीत झोपायला तिकडे सहल म्हणतात, आमच्याकडे संसार!

तरी गाडीवर तशी खोली हवीच, हे ठरलं. कशाला, तर गणपतीला गावी जायला. कोकण रेल्वेचं आरक्षण उघडतं न उघडतं तोच संपतं, आणि मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे. ‘रस्ता पुरा होईपर्यंत माणसाला राहायला जागा नको?’ यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

पहिला आराखडा बारा मिलिमीटर मरीन प्लायचा होता. आठ बाय चारचा एक तक्ता पंचवीस किलोंच्या घरात. खोली उचलायला अर्धी चाळ लागली असती, आणि अर्धी चाळ अण्णांना बघून आधीच दार लावते. मग नागदेवी स्ट्रीटच्या फेऱ्या. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा, सहा मिलिमीटरचा प्लाय, चार कोपऱ्यांना चार पाय. पाय खाली सोडायचे, नट फिरवत खोली चार बोटं उचलायची, फाळका पाडायचा आणि पुतण्याने गाडी खालून पुढे काढायची. पायांमधलं अंतर गाडीपेक्षा जास्त हवं, हे अण्णांच्या लक्षात आलं तेव्हा पुतण्याने गिअर टाकला होता.

मी मोटार वाहन कायदा, १९८८ काढला. कलम ५२ वाचून दाखवलं, की नोंदणीत आहे त्याहून वेगळी गाडी करता येत नाही. शिवाय मालाच्या गाडीत माणसं न्यायची नसतात.

‘गाडी बदलली कुठे? काढता येतं! आणि माणसं एसटीने जातील रे, खोली टेम्पोने.’

अशा माणसाशी संबंध तोडावेत. मी तोडणारही होतो. पण आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा हा गृहस्थ हॉस्पिटलात टेप घेऊन आला आणि झोपलेल्या आईचा गुडघ्यापासून टाचेपर्यंत पाय मोजून गेला. टोक अर्थात मी धरलं, आणि मनातल्या मनात शिव्याही घातल्या. ती घरी आली तर मोरीत बरोब्बर तिच्या मापाचं घडीचं आसन आणि धरायला दांडी. आई जाऊन आता काही वर्षं झाली. ते आसन मी काढलेलं नाही. एवढ्या एका वस्तूबद्दल अण्णाही कधी ‘काढता येतं’ म्हणालेले नाहीत.

खोलीचं म्हणाल तर ती अजून गावी गेलेली नाही. चाळीच्या पटांगणात चार पायांवर उभी आहे. गणपतीत रात्रीच्या पहाऱ्याची पोरं तिच्यात आळीपाळीने घोरतात. मध्यंतरी पुनर्विकासाचे कागद तपासायला एक साहेब आले. एका खोलीमागे ५०० चौरस फुटांचा फ्लॅट मिळणार म्हटल्यावर अण्णांनी त्यांना थेट पटांगणात नेलं आणि हीही खोलीच आहे, नोंद करा म्हणाले.

साहेबांनी प्लायवर टिचकी मारली. ‘अहो आजोबा, हे बांधकाम नाही. हे तर काढता येतं.’

‘काढता येतं?’ अण्णांनी पान्हा काढून साहेबांच्या हातात दिला. ‘काढून दाखवा!’