खंड्याचा शिधा

ज्या वस्तूचा उपभोग एकाने घ्यावयाचा, निवड दुसऱ्याने करावयाची आणि पैसे तिसऱ्याने मोजावयाचे, त्या वस्तूच्या विक्रेत्याचे फावते, हे पुरवठा शाखेत हयात घालविलेल्या माझ्यासारख्या अव्वल कारकुनास कोणी निराळे सांगावयास नको. तथापि श्वानान्नाच्या व्यापारात हे तत्त्व ज्या परिपूर्णतेस पोचले आहे, तसे ते वसतिगृहांच्या धान्यखरेदीतही मला कधी आढळले नव्हते. खाणाऱ्यास वाचता येत नाही, वाचणाऱ्यास खाववत नाही, आणि खाणाऱ्यास काही तक्रार गुदरावयाची झालीच तर भुंकण्याखेरीज त्याच्यापाशी अर्जाचे दुसरे साधन नसून तोही अर्ज पोस्टमनाविरुद्ध केलेला समजून दप्तरदाखल होतो.

आमच्या साताऱ्याच्या घरी ही त्रिविध वाटणी शब्दशः अंमलात आहे. खंड्या खातो, चिरंजीव, ज्यांनी त्याला महाविद्यालयात असताना सदऱ्याच्या आत दडवून घरी आणला आणि नोकरी लागताच आमच्या हवाली करून बंगळूरास प्रयाण केले, ते तेथून दूरध्वनीवरून त्याच्या आहाराविषयी फर्माने सोडतात, आणि पैसे मी देतो. आमच्या कुटुंबाचा या व्यवस्थेतील अधिकार कोठल्याही कागदावर नमूद नाही, आणि अनुभव असा की जो अधिकार कागदावर नमूद नसतो त्यास मर्यादाही नसते.

खंड्या जातीने गावठी आहे. त्याचा उजवा कान सदैव उभा असतो, डावा मध्येच मोडून लोंबतो, आणि अंगणात मांजर आली असता तो किंचित बाजूस सरून तिला वाट करून देतो. अशा या सात्त्विक प्राण्यासाठी चिरंजीवांनी जे अन्न मुक्रर केले होते त्याच्या पोत्यावर हिमाच्छादित कड्यावर उभ्या राहिलेल्या, चंद्राकडे तोंड करून आक्रोश करणाऱ्या एका लांडग्याचे चित्र होते, आणि खाली, आपल्या श्वानाच्या अंतरंगात हाच वास करीत आहे, अशा अर्थाचा मजकूर होता. लांडगा हा कुत्र्याचा पूर्वज, हे मान्य. परंतु पूर्वजांच्या ताटावरून वंशजाचे पथ्य ठरविण्यात धोका असतो. 2013 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक आहेत. म्हणजे मनुष्याच्या उंबऱ्याशी हजारो वर्षे बसून त्याचे उष्टे खाता खाता या जातीने भाकरी पचविण्याची सनदच मिळविली आहे. आमच्या कुटुंबास हे वाचून दाखविले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “हे त्यांना 2013 साली कळलं का? आमच्या माहेरची कुत्री ताक-भाकरीवरच म्हातारी झाली.”

भाकरी पचते म्हणून केवळ भाकरीवर भागते असे मात्र नव्हे. आमच्या पशुवैद्यांनी पोळी-दुधाच्या आहारास स्पष्ट हरकत घेतली: त्यात प्रथिने अपुरी, कितीएक मोठ्या कुत्र्यांना दूध सोसत नाही, आणि भाताबरोबर नुसते मांस घातले तरी चुन्याचा अंश कमी पडून हाडे ठिसूळ होतात. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट हे जिन्नस तर त्यांनी कायमचे हद्दपार केले. कांदा-लसूण वर्ज्य म्हणताच खंड्याला चातुर्मास लागल्याचे आमच्या घरात जाहीर झाले. अखेर पोत्यातले संतुलित अन्न आणावे असे ठरले.

पोवई नाक्यानजीकच्या एका दुकानात मी गेलो. दुकानदार तरुण आणि मनमिळाऊ होता. “काका, सुटं देऊ का? आत्ताच वीस किलोची बॅग फोडलीये, स्वस्तात पडेल,” असे म्हणून त्याने एका उघड्या पोत्यात माप खुपसले. पोत्याच्या काठावरून एक मुंगी अत्यंत निवांतपणे चालली होती. सुट्या मालाविषयी माझ्या मनात उपजत अढी आहे. ज्या धान्यावर ना तारीख ना गट क्रमांक, त्याची जबाबदारी कोणावर बसवावयाची? शिवाय या दाण्यांवर वरून चरबी फवारलेली असते, ती हवा लागून खवट होते, आणि पोते केव्हा फोडले या बाबतीत ‘आत्ताच’ या शब्दाची व्याप्ती दुकानदाराखेरीज कोणास ठाऊक नसते. मी बंद पिशवी मागितली, ती उलटी केली, चष्मा पुसला, आणि सातबाऱ्याचा उतारा वाचावा तसा मागील मजकूर वरून खाली वाचू लागलो. दर्शनी बाजू मी पाहिलीही नाही. कोणाचा कब्जा, कोणाचा बोजा, हे कळावयाचे तर उताऱ्याचीच तपासणी करावी लागते. वाड्याचा दरवाजा किती उंच आहे यावरून ते कळत नाही.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी असा शिरस्ता आहे. तेव्हा यादीत कोंबडीचे नाव अग्रभागी दिसले की सद्गृहस्थ संतुष्ट होऊन पैसे काढतात. परंतु ताज्या मांसात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, आणि वजन होते ते पाण्यासकट. तेच दाणे भट्टीतून वाळून बाहेर पडले म्हणजे अग्रपूजेचा मान घेतलेली कोंबडी मका आणि तांदूळ यांच्या मागे पंगतीच्या टोकाला जाऊन बसलेली असते. उलट वाळविलेल्या मांसाची भुकटी, जिचे नाव ऐकून आपण नाक मुरडतो, ती कोरडीच असल्याने निदान जेवढी लिहिली तेवढी पदरात पडते. दुसरी हातचलाखी अशी की मका हा एकच आसामी दळलेला मका, मक्याचे सत्त्व आणि मक्याचा कोंडा अशा तीन नावांनी तीन ठिकाणी नोंदवावा, म्हणजे तो एकट्याने पहिल्या क्रमांकावर येत नाही. कमाल जमीनधारणेच्या कायद्यातून सुटण्यासाठी एकाच कुटुंबाची जमीन मुलांच्या, सुनांच्या व पाळण्यातल्या नातवाच्या नावे लागलेली मी इतक्यांदा पाहिली आहे की, मक्याची ही युक्ती मी उभ्या उभ्या ओळखली आणि दुकानदाराने मला बसावयास स्टूल दिले.

प्रथिनांच्या टक्केवारीची कथा याहून सुरस आहे. ती मोजण्याची रीत 1883 साली कोपनहेगनच्या केल्डाल या रसायनज्ञाने घालून दिली. तीत प्रथिने प्रत्यक्ष मोजीत नाहीत, पदार्थातील नत्र मोजतात आणि त्यास सव्वासहाने गुणतात. नत्र कोठून आले याची चौकशी या रीतीत होत नाही. चामड्यातही नत्र भरपूर असल्यामुळे खंड्याने फस्त केलेली माझी कोल्हापुरी वहाण या कसोटीवर उत्तम प्रथिनयुक्त आहार म्हणून सहज मान्य झाली असती. यातील थट्टेचा भाग सोडला तर 2007 साली अमेरिकेत घडले ते भयंकर होते: चीनहून आलेल्या गव्हाच्या सत्त्वात मेलामाइन नावाचे नत्रयुक्त रसायन मिसळून प्रथिनांचा आकडा फुगविला गेला, आणि अनेक कुत्री-मांजरे मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. तेव्हापासून मी आकड्याआधी कारखान्याचे नाव, पत्ता आणि तारीख पाहतो. शिवाय ओल्या अन्नाच्या पाकिटावर 8 टक्के प्रथिने आणि कोरड्याच्या पोत्यावर 22 टक्के वाचून पोते श्रेष्ठ ठरविणाराने पाण्याची वजावट करावी: पाकिटात 80 टक्के पाणी असेल तर उरलेल्या 20 भागांत 8, म्हणजे 40 टक्के, आणि पोत्यात 10 टक्के ओलावा धरला तर 22 चे जेमतेम साडेचोवीस होतात. हे गणित मी दुकानाच्या पावतीच्या मागे करून दाखविले. दुकानदाराने स्टूल परत मागितले नाही, पण मागच्या गिऱ्हाइकाला आधी घेतले.

अमेरिकेत या प्रकरणी ‘असोसिएशन ऑफ अमेरिकन फीड कंट्रोल ऑफिशियल्स’ नावाची संस्था आहे. तिला स्वतःला अंमलबजावणीचा काडीचाही अधिकार नसून ती केवळ आदर्श नियम रचते आणि निरनिराळी राज्ये ते उचलतात, हे वाचल्यापासून मला तिच्याविषयी बंधुभाव वाटतो. प्रौढ कुत्र्याच्या अन्नात, पाणी वजा जाता, किमान 18 टक्के आणि पिलाच्या अन्नात साडेबावीस टक्के प्रथिने असावीत असे ती सांगते. तिच्या नियमाप्रमाणे ‘चिकन डिनर’ असे नाव द्यावयाचे तर कोंबडी किमान 25 टक्के लागते, ‘विथ चिकन’ला 3 टक्के पुरतात, आणि ‘चिकन फ्लेवर’ला कोंबडीचा केवळ भास झाला तरी चालतो. ‘प्रीमियम’ या बिरुदास तर कसलीच अट नाही. ते ‘रावसाहेबा’सारखे, ज्याने लावले त्याचे.

हा सारा व्यापार सुरू केला तोही एका अमेरिकन गृहस्थानेच. जेम्स स्प्रॅट हा विजेपासून इमारतींचे रक्षण करणाऱ्या सळया विकावयास इंग्लंडात आला, तेथील गोदीवर कुत्री जहाजावरची टाकलेली कडक बिस्किटे खाताना त्याने पाहिली, आणि 1860 च्या सुमारास गहू, भाज्या, बीट आणि मांस यांची वडी करून श्रीमंतांच्या शिकारी कुत्र्यांसाठी बाजारात आणली. मांस कशाचे, हे तो गुलदस्त्यात ठेवी. आमच्याकडील परंपरा याहून पुरातन आणि अधिक पारदर्शक आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात कोष्ठागाराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना कुत्र्यास एक प्रस्थ भात आणि हंस-मोरांस अर्धा प्रस्थ असा शिधा बांधून दिला आहे. त्यात भास नाही, बिरुद नाही, पूर्वजांचे चित्र नाही. आणि भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्याच्या मागे, ती कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव महाराज हे श्वानाहारातील स्निग्धांशाचा विचार करणारे आद्य पुरुष होत, असे मी पशुवैद्यांना म्हणालो असता, जादा तुपाने कुत्र्याच्या स्वादुपिंडास सूज येते, असे त्यांनी संतवचनाचा मान राखून पण निक्षून सांगितले.

राहता राहिले प्रत्यक्ष खाणाऱ्याचे मत. ते घेण्यात अर्थ नाही. दाण्यांवर फवारलेल्या चरबीच्या आणि रसाच्या वासावर कुत्रा लुब्ध होतो, आणि ज्याने वहाण, साबणाची वडी व सत्यनारायणाच्या पूजेतील केळीचा खांब सारख्याच तन्मयतेने भक्षण केला, त्याची साक्ष दर्जाच्या प्रश्नावर ग्राह्य धरता येणार नाही. खरी साक्ष दुसऱ्या दिवशी सकाळी मिळते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आम्ही काही निवृत्त मंडळी आपापली कुत्री घेऊन फिरावयास जातो. पूर्वी तेथे राजकारणावर बोलणे होई, हल्ली मलपरीक्षेवर होते. आमच्यातील एक संस्कृताचे अध्यापक काठीच्या टोकावर भार देऊन किंचित वाकतात, क्षणभर अवलोकन करतात आणि ‘सुबद्ध’, ‘शिथिल’ किंवा ‘चिंत्य’ असा निवाडा देतात. त्यांच्या मताशी पशुवैद्यांचे मत आजवर एकदाही विसंगत निघालेले नाही. नवे अन्न एकदम न घालता आठवडाभर जुन्यात थोडे थोडे मिसळीत वाढवावे, हा नियमही आम्ही ‘चिंत्य’ दिवस टाळण्यासाठीच पाळतो.

अशा रीतीने एक पोते मंजूर झाले, आणि घरात द्विदल राज्यपद्धती सुरू झाली. पोते हे माझे सोपीव खाते: मी सकाळ-संध्याकाळ काट्यावर ग्रॅम मोजतो आणि नोंदवहीत आकडा लिहून पुढे सही करतो. स्वयंपाकघर हे राखीव खाते असल्याने तेथील कारभारावर प्रश्न विचारता येत नाहीत. मध्यंतरी खंड्याच्या बरगड्या हाताला लागेनाशा झाल्या तेव्हा पशुवैद्यांनी विचारले, “दिवसाला किती देता?” मी नोंदवही पुढे केली. त्यांनी ती चाळली, आकडे बरोबर असल्याचे मान्य केले, आणि हळूच आमच्या कुटुंबाकडे पाहिले.

“मी कुठं काय देते त्याला?” त्या म्हणाल्या. “उरलंसुरलं असेल तेवढंच.”

डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषध लिहिले नाही. ‘उरलेले अन्न पूर्ण बंद’ एवढेच लिहून खाली दोन रेघा ओढल्या. त्या हुकुमाची आमच्या घरी काटेकोर तामिली होत असून उरलेला घासही आता खंड्याच्या वाट्यास जात नाही. त्याच्यापुरती भाकरी ताजी थापली जाते.