मा. ग्रुप ॲडमिन साहेब यांच्या सेवेशी

मा. ॲडमिन साहेब,
मु. पो. नांदेड व लातूर (मधले सगळे तालुके धरून)



पत्रास कारण की, परवा आपण मला ग्रुपमधून नारळ दिलात. गुन्हा एवढाच, की नळाला पाणी कधी येणार असं मी विचारलं. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यालेल्या लातूरकराने हे नाही विचारायचं तर कुणी? पण आपला शेरा पडला : 'ग्रुपवर राजकारण नको.' २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण का दगावले, असं कुणी विचारलं की तेही राजकारणच.

त्याच सकाळी, गुड मॉर्निंगच्या गुलाबाखाली, 'अमक्या लोकांना घर भाड्याने देऊ नका' अशी क्लिप होती. वर दुहेरी बाण, 'अनेकदा फॉरवर्ड केलेला'. खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि त्या रांगेत आपलाही अंगठा उठलेला. ते राजकारण नव्हे, ती 'माहिती'.

मुलं पळवणारी टोळी आल्याची अशीच 'माहिती' फिरली आणि १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. मग व्हॉट्सॲप कंपनीला जाग आली, एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येऊ लागलं. आपल्या लोकांनी पाच-पाचचे गठ्ठे केले. त्रिपुरातल्या घटनांच्या निषेधाच्या बंदात १२ नोव्हेंबर २०२१ ला नांदेडात दगडफेक झाली. त्या आठवड्यातलं चॅट आपण 'क्लिअर' केलं असेलच.

आपली अडचण कळते. सण तोंडावर आला की पोलिसांचं फर्मान निघतं : आक्षेपार्ह पोस्ट पडली तर ॲडमिन जबाबदार. कंपनी म्हणते, मेसेज आम्हाला वाचताच येत नाहीत. शिवाय तिच्या डोक्यावर माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या कलम ७९ चं छत्र. पाठवणारा म्हणतो, जसं आलं तसं पाठवलं. उरलात आपण : खतं-बियाण्यांचं दुकान सांभाळून हजारभर माणसांचे न्यायमूर्ती! म्हणून आपण 'ओन्ली ॲडमिन' करून निवांत झोपता.

बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदवर एकीने फेसबुकवर लिहिलं आणि दुसरीने ते 'लाइक' केलं म्हणून २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती. त्यांना लावलेलं त्याच कायद्यातलं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. आपल्या 'राजकारण नको' या कलमावर मात्र अपील नाही.

बाकी घाबरू नका. केवळ सदस्याने काही टाकलं म्हणून ॲडमिनला दोषी धरता येत नाही, त्याचा त्यात सामाईक हेतू असला तर गोष्ट वेगळी, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्येच सांगितलंय. ॲडमिनच्या हातात माणसं घेणं आणि काढणं एवढंच आहे, असंही तेव्हा म्हटलं होतं. तेव्हा विनंती एकच : पुढच्या वेळी काढायचं झालं तर ती क्लिप टाकणाऱ्याला काढा. आणि अंगठा आवरा.

आपला,
एक रिमूव्ह झालेला सदस्य

ता. क. : नळाला पाणी अजून आलेलं नाही.