इंग्लंडचं खान्देश

स्कॉटलंड हे इंग्लंडचं खान्देश आहे, असं माझं ठाम मत आहे. भूगोलवाल्यांनी वाटल्यास हरकत घ्यावी. लंडनकरांना स्कॉटिश माणसाची बोली रांगडी वाटते आणि जेवण त्याहून रांगडं. पुण्याचं आमच्याबद्दल नेमकं हेच म्हणणं असतं. सॅम्युअल जॉन्सन नावाच्या इंग्रज पंडितानं १७५५ साली मोठा शब्दकोश काढला. त्यात ओट्सच्या नोंदीत त्यानं टोमणा मारून ठेवला, की हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं खातात. ज्वारीबद्दल असं लिहून जळगावात फिरायची कुणाची टाप आहे?

या मताला कारण झाला माझा भाचा. तो ॲबर्डीनला शिकतो. सुट्टीत येताना त्यानं शॉर्टब्रेडचा डबा आणला. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा, बस्स. आई मूळची धुळ्याकडची, अहिराणीशिवाय बोलत नाही. तिनं एक तुकडा चावला आणि निकाल दिला, "नानकटाई शे. इलायची टाकाले इसरी ग्यात."

मग पॉरिज, म्हणजे ओट्सची लापशी. अस्सल स्कॉटिश माणूस त्यात साखर घालत नाही, मीठ घालतो, आणि ढवळायला स्पर्टल नावाचा खास लाकडी दांडका वापरतो. मी रवी उलटी धरून भागवलं. पॉरिज रीतसर झालं आणि रीतसर कुणी खाल्लं नाही. शेवटी बायकोनं त्यावर लसूण-मिरचीची फोडणी ओतली. त्यानंतर त्याला पॉरिज म्हणणं अवघड होतं, पण पातेलं चाटूनपुसून रिकामं झालं.

ॲबर्डीन आणि खान्देश यांची सोयरीक तशी जुनी आहे. जेम्स औटराम हा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी जन्मला इंग्लंडात, पण आई स्कॉटिश आणि शिक्षण ॲबर्डीनचं. १८२५ साली त्यानं आमच्या धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. ओट्सच्या पिठाच्या, तव्यावर भाजलेल्या चपट्या भाकरीवर वाढलेला माणूस! धरणगावात कुणी त्याच्यापुढं कळण्याची भाकरी ठेवली असेल, तर गडी घरच्या आठवणीनं हळवा झाला असणार.

आता हॅगिस, म्हणजे मेंढीच्या वजडीत कलेजी-फेफड्याचं सारण भरून शिजवलेला स्कॉटिश पदार्थ. २५ जानेवारी हा रॉबर्ट बर्न्सचा जन्मदिवस. बर्न्स म्हणजे नांगर धरणारा, आपल्या बोलीत लिहिणारा कवी. आसोद्याच्या बहिणाबाईंच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला तो वेगळा समजावून सांगावा लागत नाही. त्या रात्री स्कॉटिश लोक हॅगिस ताटात घालून बॅगपाइपच्या गजरात मिरवत आणतात आणि त्याच्यापुढं उभं राहून बर्न्सची १७८६ सालची कविता म्हणतात. कविता खुद्द हॅगिसला उद्देशून आहे! आम्ही भरताच्या वांग्यावर इतका जीव टाकतो, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण आरती करायचं आजवर सुचलं नाही.

हॅगिस घरीच करायचं ठरवून खाटकाकडे गेलो. कलेजी, दिल, फेफडं, चरबी सांगितली. मेंढीऐवजी बोकडावर तडजोड होती.

"वजडी कापून देऊ ना, सर?"

"नको, अख्खी दे. शिवायची आहे."

त्याचा सुरा हवेतच थांबला. मी त्याला हॅगिस समजावून सांगितलं. अमेरिकेत १९७१ पासून फेफडं खाण्याच्या पदार्थात घालायला बंदी आहे, त्यामुळे अस्सल हॅगिस तिथं जात नाही, हेही सांगितलं. त्यानं सहानुभूतीनं मान हलवली. "मग ते लोक बकऱ्याचं खातात तरी काय?"

मागच्या अंगणात चूल मांडली. वजडी आईनं ताब्यात घेतली. गरम पाण्यात बुडवून सुरीच्या पाठीनं खरवडली, की काळपट पापुद्रा सुटतो आणि खालची पांढरी लव उघडी पडते. हे काम माझ्या हातचं नव्हेच. आतला माल उकडून बारीक चिरला. त्यात कांदा, चरबी, मीठ, मिरी, जायफळ. भरड ओट्स जळगावात कुठले मिळायला, म्हणून भाजलेल्या ज्वारीच्या कण्या. कण्या फुगतात, त्यामुळे पिशवी गच्च भरायची नाही. मग आईनं पोत्याचा दाभण काढला आणि वजडीला गोधडीचे टाके घातले. वाफेनं फुटू नये म्हणून चार ठिकाणी टोचलं.

"येमा मिरची काब्र नही?"

"आई, तिकडे घालत नाहीत."

"आपन काय तठे शेतस?"

याला उत्तर नव्हतं. तरी मी हट्टानं बिनमिरचीचंच ठेवलं. तीन तास मंद आचेवर ते पातेल्यात डुलत राहिलं आणि तेवढ्यात शेजारची तीन घरं 'काय शिजतंय' विचारून गेली.

तिकडे हॅगिससोबत सलगम आणि बटाट्याचा लगदा वाढतात, वरून व्हिस्की. आमच्याकडे भरीत, कळण्याची भाकरी आणि वरून काळ्या मसाल्याची तर्री. भाचा व्हिडिओ कॉलवर सूटबूट घालून कविता म्हणायला उभा राहिला. एका ठरलेल्या ओळीला सुरी खुपसायची असते. तो त्या ओळीपर्यंत पोचायच्या आत आईनं विळीवर दोन भाग केले होते आणि निम्मं वाढूनही झालं होतं.

चव? उत्तम. मिरीचा ऊबदार झणका, कण्यांचा दाणेदारपणा, कलेजीचा खमंगपणा. इंग्रजांनी दोनशे वर्षं नाक मुरडलं म्हणून काय झालं? आईनं दोन वेळा मागून घेतलं, भाकरीनं ताट पुसलं आणि फोनच्या पडद्याकडे वळून नातवाला दम भरला, "तठल्या लोकेस्ले सांगजो, ठेचा वाटत जा!"